'डार्कलिंग' या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी कविता वाचणाऱ्याला हा शब्द कधी ना कधी आडवा येतोच. बहुतेकदा जॉन कीट्सच्या किंवा थॉमस हार्डीच्या कवितेत. शब्दकोश उघडला की 'अंधारात' असा अर्थ मिळतो, तो लावून आपण पुढच्या ओळीकडे जातो. पण कवींनी शतकानुशतकं हा शब्द इतका जपून वापरला आहे, की त्याच्यापाशी थोडं थांबलं तर ती सारी कविता वेगळी ऐकू येते. वाचकांकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

'डार्कलिंग' म्हणजे नेमकं काय?

मूळ अर्थ 'अंधारात, उजेडाविना'. हे मुळात क्रियाविशेषण. कुणीतरी काहीतरी करतं आहे आणि ते करताना अंधारात आहे, एवढंच ते सांगतं. अंधार दाट की विरळ, भीतीचा की सुखाचा, याबद्दल शब्द गप्प राहतो. त्याचं लक्ष असतं अंधारात सापडलेल्या जिवाकडे. त्याला दिसत नाही, तरी तो ऐकतो, गातो, भटकतो किंवा वाहत जातो.

पुढे या शब्दाचं विशेषणही झालं: अंधारलेला, अंधारत जाणारा, उदास. आजच्या शब्दकोशांत दोन्ही अर्थ असतात. माझ्या मते शब्दाचा जीव पहिल्या अर्थात आहे. खाली दिलेल्या बहुतेक ओळी तोच अर्थ धरून वाचल्या की उलगडतात.

उच्चार कसा करायचा?

'डार्क-लिंग'. दोनच अवयव (सिलॅबल), आणि जोर पहिल्यावर. ब्रिटिश उच्चारात मधला 'र' जवळजवळ विरून जातो. जोर कुठे पडतो हे कवितेत महत्त्वाचं ठरतं. इंग्रजीतली नेहमीची कवितेची ओळ हलक्या अवयवाने सुरू होऊन जड अवयवावर उतरते. 'डार्कलिंग'ने सुरू होणारी ओळ मात्र पहिल्याच पावलाला जोरात पडते, आणि वाचणारा दचकून थांबतो.

'डकलिंग' म्हणजे बदकाचं पिल्लू. मग 'डार्कलिंग' म्हणजे अंधाराचं पिल्लू का?

नाही, पण असं वाटणं साहजिक आहे. इंग्रजीत '-लिंग' नावाचे दोन वेगळे प्रत्यय होते. एक नामांना लागणारा, लहानपणा किंवा नातं दाखवणारा. 'डकलिंग' आणि 'गॉसलिंग' (हंसाच्या जातीतल्या 'गूज'चं पिल्लू) हे शब्द त्यातले. दुसरा क्रियाविशेषणं घडवणारा, दिशा किंवा स्थिती दाखवणारा. 'डार्कलिंग' या दुसऱ्या घरातलं आहे, आणि ते पंधराव्या शतकापासून वापरात आहे.

हा दुसरा प्रत्यय आता मेल्यातच जमा आहे, म्हणून ओळखू येत नाही. त्याच्या खुणा मात्र उरल्या आहेत. 'हेडलाँग' म्हणजे डोकं पुढे करून, बेधडक. त्याचं जुनं रूप 'हेडलिंग' होतं. 'साइडलाँग'चंही जुनं रूप 'साइडलिंग'. लोकांना जुना प्रत्यय कळेनासा झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या जागी ओळखीचा 'लाँग' बसवला. 'डार्कलिंग'च्या वाट्याला ही दुरुस्ती आली नाही. कवींनी त्याला जुन्याच रूपात सांभाळलं.

'डार्कल' असं क्रियापद आहे ना? 'डार्कलिंग' त्याचंच रूप असेल.

क्रम उलटा आहे. 'डार्कलिंग' आधीचं, 'डार्कल' नंतरचं. शब्दाच्या शेवटी '-इंग' ऐकू आलं की हे कुठल्या तरी क्रियापदाचं चालू रूप असणार, असं इंग्रजी कान समजतो. मग जे क्रियापद कधी नव्हतंच ते तयार होतं.

सॅम्युअल जॉन्सनसारख्या पंडितालाही हा प्रश्न पडला होता. 1755 च्या आपल्या कोशात त्याने नोंदवलं, की हे 'डार्कल'चं धातुसाधित असावं असं दिसतं, पण ते क्रियापद मला कुठेच सापडलं नाही. सापडणार कुठून, ते अजून जन्मालाच यायचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कवी बायरनने 'डॉन जुआन' या काव्यात 'स्पार्कल'शी यमक जुळवायला 'डार्कल' वापरलं, आणि आता ते कोशांत सुखाने नांदतं. 'ग्रॉव्हल' या क्रियापदाची जन्मकथाही हीच. 'ग्रॉव्हलिंग' म्हणजे 'पालथं पडून' असं ते जुनं क्रियाविशेषण होतं. त्याला क्रियापदाचं रूप समजून लोकांनी मागचा भाग तोडला आणि नवं क्रियापद मिळवलं.

क्रियाविशेषण की विशेषण, याने वाचकाला काय फरक पडतो?

बराच. क्रियाविशेषण असेल तर अंधार हा कुणाचा तरी अनुभव असतो. विशेषण झालं की तो अंधार समोरच्या वस्तूचा होतो, म्हणजे मैदान अंधारलेलं, आकाश अंधारलेलं, पक्षी अंधारलेला. जॉन मिल्टन आणि कीट्स या कवींकडे हा शब्द माणसाला आणि पक्ष्याला चिकटून आहे, मॅथ्यू आर्नल्ड या कवीकडे तो जमिनीवर उतरला आहे. ओळ वाचताना 'इथे अंधारात कोण आहे?' एवढा प्रश्न विचारला तरी अर्धी कविता हाती लागते.

शेक्सपियरने हा शब्द वापरला आहे का?

हो, आणि तीन नाटकांत तीन वेगळ्या सुरांत. 1595 च्या सुमारास लिहिलेल्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रात्रीच्या रानात हेलेना डिमेट्रियसच्या मागे धावते आहे आणि 'मला अशी अंधारात सोडून जाशील का?' असं विचारते. तो खुशाल जातो. इथे शब्द अगदी साधा, बोलीतला वाटतो.

'किंग लिअर'मध्ये तो विदूषकाच्या तोंडी आहे. मुलींना राज्य वाटून बसलेला लिअर थोरल्या मुलीकडून अपमान ऐकतो आहे. विदूषक आधी एक जोडओळ म्हणतो: चिमणीने कोकिळेच्या पिल्लाला इतके दिवस भरवलं, की शेवटी त्याने तिचंच डोकं तोडलं. आणि लगेच, काही संबंध नसल्यासारखं: मेणबत्ती विझली, आणि आम्ही अंधारात राहिलो. हे वाक्य पहिल्याच अंकात येतं. वादळ, लिअरचं वेड, ग्लॉस्टर या सरदाराचे काढलेले डोळे, हे सगळं अजून पुढे आहे. एवढ्या मोठ्या शोकांतिकेची चाहूल विदूषकाच्या या बडबडीत दिली आहे, आणि त्या वाक्याचा शेवट या शब्दावर होतो.

तिसरी जागा 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मधली. मरणाऱ्या अँटनीला समोर आणलेलं पाहून क्लिओपात्रा सूर्याला सांगते, की तू ज्या गोलात फिरतोस तो जाळून टाक आणि जगाचा किनारा अंधारात उभा राहू दे. सूर्य एका स्फटिकगोलात बसवलेला आहे आणि तो गोल फिरतो, अशी त्या काळची कल्पना होती. तो गोल जळाला तर सूर्य भरकटणार. हेलेनाच्या तोंडी एका मुलीपुरता असलेला अंधार इथे साऱ्या पृथ्वीवर पसरला आहे.

मिल्टनचा उल्लेख नेहमी का येतो?

कारण पुढच्या कवींनी हा शब्द मुख्यतः त्याच्याकडून घेतला. 1667 साली आलेल्या 'पॅराडाइज लॉस्ट'चा तिसरा सर्ग प्रकाशाला केलेल्या नमनाने सुरू होतो. हे नमन करणारा कवी आंधळा आहे. 1652 पर्यंत मिल्टनची दृष्टी पूर्ण गेली होती आणि हे महाकाव्य त्याने दुसऱ्यांना सांगून लिहून घेतलं. तो होमरसारख्या आंधळ्या कवींची आणि द्रष्ट्यांची आठवण काढतो आणि म्हणतो, की मनातले विचार आपोआप लयीत हलू लागतात, जसा जागा पक्षी गर्द सावलीत लपून अंधारात गातो.

त्यानंतर लगेच येतं ते सगळ्यांत करुण वाक्य: ऋतू परत येतात, पण माझ्याकडे दिवस परत येत नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की 'सिंग्ज डार्कलिंग'चं वजन कळतं. पक्ष्यासाठी ती रात्र आहे, सकाळी संपणारी. कवीसाठी ती कायमची. तरी मिल्टन स्वतःच्या अंधाराला शाप देत नाही. त्या अंधारात गाता येतं, एवढं तो ठामपणे सांगतो.

जाता जाता, मिल्टन त्या पक्ष्याला 'ती' म्हणतो. तो पक्षी म्हणजे नाइटिंगेल. गाणारा नाइटिंगेल प्रत्यक्षात नर असतो. मादी गाते ही समजूत ग्रीक पुराणातल्या फिलोमेलाच्या कथेतून, जिथे स्त्रीचा नाइटिंगेल होतो, आली आणि कवींनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

जॉन्सनने स्वतः हा शब्द कवितेत वापरला का?

वापरला, कोशाच्या सहा वर्षं आधी. 1749 च्या 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस'च्या शेवटाकडे तो विचारतो, की असहाय माणसाने अज्ञानात स्वस्थ राहून नशिबाच्या लोंढ्यात असंच अंधारात गडगडत जावं का? इथे अंधार डोळ्यांपुढचा नाही, समजुतीतला आहे. हा लाक्षणिक अर्थ पुढे आर्नल्डला उपयोगी पडला.

कीट्सची 'डार्कलिंग आय लिसन' ही ओळ इतकी गाजली कशी?

'ओड टू अ नाइटिंगेल' ही आठ कडव्यांची कविता. तिचं पाचवं कडवं पूर्ण अंधारातलं आहे. पायाशी कोणती फुलं आहेत ते दिसत नाही, फांद्यांवर कोणता सुगंध लटकतो आहे तेही नाही. कवी वासावरून एकेक फूल ओळखत जातो. गवत, झाडी, रानगुलाब, पानांखाली लपलेली व्हायोलेट. शेवटी माश्यांची गुणगुण ऐकू येते. डोळे बंद झाल्यावर आधी नाक, मग कान जागे होतात. आणि सहावं कडवं उघडतं: 'डार्कलिंग आय लिसन.' अंधारात मी ऐकतो आहे.

पाच कडवी शब्दांचा नुसता महापूर. मद्य, देवता, वेदना, चंद्र, फुलं. त्यानंतर हे तीन शब्दांचं, अर्धविरामाशी थांबणारं छोटं वाक्य. पुढे लगेच तो सांगतो, की मी अनेकदा शांत मरणाच्या अर्ध्या प्रेमात पडलो आहे. थोरला आवाज न करता एवढी मोठी गोष्ट सांगायला आधी ती थांबण्याची जागा लागते, आणि ती जागा या शब्दाने तयार केली आहे.

कीट्सने मिल्टन बारकाईने वाचला होता. 'पॅराडाइज लॉस्ट'च्या त्याच्या प्रतीत जागोजागी खुणा आणि टिपणं आहेत. मिल्टनकडे पक्षी अंधारात गात होता, तोच नाइटिंगेल. कीट्सने पक्षी तसाच ठेवला आणि शब्द मात्र उचलून ऐकणाऱ्याला दिला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. मिल्टन स्वतःला गाणाऱ्या पक्ष्याच्या जागी पाहतो. कीट्सला तेवढी खात्री नाही. पक्षी अमर आहे, मी नाही, हे त्याला ठाऊक आहे. ही कविता लिहिण्याच्या सुमारे सहा महिने आधी, 1818 च्या डिसेंबरात, त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता आणि त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली होती. 1821 च्या फेब्रुवारीत पंचविसाव्या वर्षी तो स्वतःही त्याच रोगाने रोममध्ये वारला.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ज्याच्या घरी कीट्स राहत होता त्या चार्ल्स ब्राउनने पुढे लिहून ठेवलं, की 1819 च्या वसंतात लंडनजवळच्या हॅम्पस्टेडमधल्या घराजवळ एका नाइटिंगेलने घरटं केलं होतं. एका सकाळी न्याहारीच्या टेबलापाशची खुर्ची उचलून कीट्स प्लमच्या झाडाखाली दोन-तीन तास बसला आणि कागदाचे तुकडे हातात घेऊन आत आला. ही आठवण खरी धरली तर कवितेतली रात्र सकाळच्या उन्हात लिहिली गेली. काळोख बाहेर नव्हता, त्याने तो ऐकण्यासाठी मनात उभा केला.

बायरनच्या कवितेत तारे 'डार्कलिंग' कसे काय?

कारण तिथे सूर्य विझला आहे. 1816 सालच्या 'डार्कनेस' या कवितेत तारे अनंत अवकाशात अंधारात भटकतात, किरण नाहीत, वाट नाही. आदल्या वर्षी, 1815 च्या एप्रिलमध्ये, इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याची राख आणि गंधकाचे कण वातावरणात पसरल्याने 1816 साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. बायरन तेव्हा जिनिव्हाजवळ राहत होता आणि हवा अखंड थंड, काळवंडलेली होती. उजेड देणाऱ्या ताऱ्यालाच हा शब्द लावला, यात त्या ओळीची धडकी आहे.

आर्नल्डचं 'डार्कलिंग प्लेन' म्हणजे कोणतं मैदान?

'डोव्हर बीच' 1867 साली प्रसिद्ध झाली. समुद्राच्या लाटांचा आवाज ऐकता ऐकता कवी श्रद्धेच्या ओहोटीबद्दल बोलतो, प्रेयसीला 'आपण एकमेकांशी तरी खरे राहू' म्हणतो, आणि शेवटी सांगतो, की आपण जणू अंधारलेल्या मैदानावर आहोत, जिथे अजाण सैन्यं रात्री एकमेकांवर तुटून पडतात.

या चित्रामागे प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने वर्णन केलेली रात्रीची लढाई आहे असं सर्वसाधारणपणे मानतात. इसवी सन पूर्व 413 मध्ये सिराक्यूजजवळच्या एपिपोली या पठारावर अथेन्सचं सैन्य अंधुक चांदण्यात लढलं. समोरचा माणूस दिसे, पण आपला की परका ते कळेना, आणि सैनिक आपल्याच माणसांवर वार करू लागले. आर्नल्डच्या वडिलांनी थ्युसिडिडीजची आवृत्ती संपादित केली होती, तेव्हा ही कथा घरातलीच.

इथे 'डार्कलिंग' विशेषण आहे. अंधार कुणा एकाचा उरलेला नाही, तो पायाखालच्या जमिनीचाच गुण झाला आहे.

हार्डीच्या कवितेत हा शब्द कुठल्या ओळीत आहे?

कुठल्याच नाही. 'द डार्कलिंग थ्रश' (थ्रश हा एक गाणारा पक्षी) या कवितेच्या बत्तीस ओळींत तो एकदाही येत नाही, फक्त शीर्षकात आहे. आणि ते शीर्षकही आधी नव्हतं. 29 डिसेंबर 1900 रोजी 'द ग्राफिक' या साप्ताहिकात कविता छापून आली तेव्हा तिचं नाव 'बाय द सेंच्युरीज डेथबेड', म्हणजे 'शतकाच्या मृत्युशय्येपाशी', असं होतं. पुढे संग्रहात घेताना हार्डीने नाव बदललं आणि खाली 31 डिसेंबर 1900 ही तारीख घातली.

हा बदल कवितेला किती पुढे नेतो ते पाहण्यासारखं आहे. जुनं नाव आपल्याला मेलेल्या शतकाकडे बघायला लावतं. नवं नाव पक्ष्याकडे बघायला लावतं. कवितेत गोठलेली संध्याकाळ आहे, दिवसाचा डोळा मंदावतो आहे, तुटक्या तारांसारख्या वेली आकाशावर ओरखडे काढताहेत. आणि अचानक एक म्हातारा, हडकुळा, वाऱ्याने पिसं विस्कटलेला थ्रश जिवाच्या आकांताने गाऊ लागतो. कवीला आजूबाजूला या आनंदाचं काही कारण दिसत नाही. तो म्हणतो, कदाचित याच्या गाण्यात अशी काही आशा असेल जी त्याला ठाऊक आहे, मला नाही.

साठीचा हार्डी मिल्टन आणि कीट्स दोघांनाही ओळखून होता. कीट्सने ऐकणाऱ्याला दिलेला शब्द त्याने पुन्हा गाणाऱ्या पक्ष्याकडे सोपवला. आता पक्षी अमर नाही, देखणाही नाही. तरी तो गातो. ऐकणारा फाटकाला टेकून उभा आहे आणि त्याला 'डार्कलिंग' म्हटलेलं नाही, पण अंधारात खरं कोण आहे, हा प्रश्न हार्डी उघडा ठेवतो.

'डार्कलिंग बीटल' नावाचा किडा असतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

शब्द तोच. टेनेब्रिओनिडी या कुळातल्या भुंगेऱ्यांना हे नाव आहे. त्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जाती रात्रीच्या वेळी वावरतात. पीठकिडा म्हणजे यातल्याच एका जातीची अळी. शास्त्रीय नावातला लॅटिन शब्दही उजेड टाळणाऱ्याचाच.

आजच्या कल्पनारम्य कादंबऱ्यांत 'डार्कलिंग' हे प्राण्याचं किंवा माणसाचं नाव का असतं?

तिथे पहिला, पिल्लांचा '-लिंग' प्रत्यय धरून नवं नाम घडवलं आहे: अंधाराचा जीव, अंधारातून आलेला. कीट्सच्या ओळीला हा अर्थ लावला तर मात्र ती मोडते.

मराठीत अनुवाद करताना काय लिहावं?

एकच प्रतिशब्द सगळीकडे चालणार नाही. मिल्टन आणि कीट्ससाठी साधं 'अंधारात' किंवा 'काळोखात' सर्वांत चांगलं. आपल्या सप्तमीला जे सहज जमतं, तेच काम इंग्रजीत या दुर्मीळ शब्दाला करावं लागतं. शिवाय मराठीत शब्दांचा क्रम मोकळा असल्याने कीट्सप्रमाणे वाक्य त्याच शब्दाने उघडता येतं. जॉन्सनच्या ओळीला 'चाचपडत' जवळचं. आर्नल्डसाठी 'अंधारलेलं'. हार्डीच्या शीर्षकाला 'काळोखातला थ्रश' म्हटलं तर काळोख आणि पक्षी दोन्ही राहतात, 'उदास थ्रश' म्हटलं तर कविताच उलटी होते, कारण उदास पक्षी नाही.

शब्द दुर्मीळ म्हणून भारदस्त संस्कृत प्रतिशब्द शोधण्याचा मोह होतो. 'तमोमग्न' वगैरे. मी तो टाळते. हेलेना आणि लिअरचा विदूषक बोलतात तशा साधेपणाने तो आला पाहिजे.

आज इंग्रजीत लिहिताना हा शब्द वापरावा का?

रोजच्या गद्यात नको. जॉन्सननेच त्याला निव्वळ काव्यातला शब्द म्हटलं होतं, आणि ते आजही खरं आहे. बातमीत किंवा निबंधात तो सजावटीसारखा लोंबतो. कवितेत वापरायचा तर मागे मिल्टन, कीट्स, हार्डी उभे आहेत हे मान्य करूनच वापरावा, आणि नुसत्या 'डार्क'ऐवजी कधीच नाही. वाक्यातलं कुणी खरोखर अंधारात राहून काहीतरी करत असेल, तरच त्याची जागा.

वाचायला कुठून सुरुवात करू?

हार्डीची कविता आधी, कारण ती छोटी आणि सरळ आहे. मग कीट्सची, मोठ्याने, निदान पाचवं आणि सहावं कडवं. त्यानंतर मिल्टनच्या तिसऱ्या सर्गातल्या पहिल्या पंचावन्न ओळी. त्या वाचून झाल्या की हार्डी पुन्हा एकदा वाचा, या वेळी शीर्षकावर थांबून.